बर्फाखालचा उजेड

सप्टेंबर १८९३

इंजिन बंद झालंय आणि ते पुन्हा सुरू करायची कुणालाच घाई नाही. न्यू सैबेरियन बेटांच्या उत्तरेला, ७८ अंश अक्षांशाच्या पुढे, ‘फ्राम’ या नॉर्वेजियन जहाजाच्या डेकवर तुम्ही उभे आहात. चारी बाजूंनी बर्फ सरकत सरकत जवळ येतोय. या समुद्रातला प्रत्येक खलाशी ज्या गोष्टीचा धसका घेतो, ती इथल्या तेरा माणसांनी मुद्दाम ओढवून घेतली आहे. जहाज आता बर्फात पक्कं अडकणार, आणि पुढची काही वर्षं बर्फ नेईल तिकडे जाणार.

तेरा जणांच्या यादीत तुमचं नाव नाही. तरी तुम्हाला इथे काम आहे. मोहिमेचा प्रमुख फ्रित्यॉफ नान्सेन अजून बत्तीस वर्षांचाही नाही. शिक्षणाने तो प्राणिशास्त्रज्ञ. ‘जॅनेट’ नावाचं अमेरिकन जहाज १८८१मध्ये याच भागात बर्फाने चिरडलं आणि बुडालं. तीन वर्षांनी त्यातलं सामान ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडलं. यावरून नान्सेनने ताडलं, की सैबेरियाकडचा बर्फ ध्रुवाच्या आसपासचा समुद्र ओलांडून अटलांटिककडे वाहत जातो. मग त्या बर्फाशी झुंजायचं कशाला? त्याच्यासोबतच जाऊ या! जहाज त्याच हिशेबाने बांधलंय. ३९ मीटर लांब, ११ मीटर रुंद आणि तळाशी गोलसर. बर्फाने दोन्हीकडून दाबलं, की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जातं.

तो दाब कसा असतो ते तुम्हाला लवकरच कळतं. आधी लांबून गुरगुर ऐकू येते. मग ती वाढत जाते, पायाखालच्या फळ्या थरथरतात, बर्फाचे कडे एकमेकांवर चढतात आणि मोडतात. खाली मेसमध्ये कुणी पत्त्यांचा डाव सोडत नाही. दाब ओसरतो. जहाज जरा वर सरकलेलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो महिनोन् महिने उगवत नाही. डेकवर उभारलेल्या पवनचक्कीवर डायनामो चालतो आणि आर्क दिव्याचा पांढरा प्रकाश भोवतालच्या बर्फावर पडतो. दर चार तासांनी कुणीतरी कपडे चढवून बाहेर जातं आणि तापमान, वायुभार, वारा टिपून येतं. आज पाळी तुमची. आकडे लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या वहीतल्या या ओळींचा खरा उपयोग काय होणार, हे जहाजावरच्या एकालाही ठाऊक नाही.

१८९४

बर्फ वाहतोय, पण खाली समुद्र किती खोल आहे ते कळत नाही. हा समुद्र उथळ असेल, अशा समजुतीने आणलेला दोर पुरेनासा झाला. तेव्हा या मंडळींनी जहाजाचाच एक पोलादी दोर उकलला आणि त्याच्या तारा पिळून हजारो मीटर लांबीचा नवा दोर तयार केला. बर्फातल्या भोकातून तो खाली सोडायचा, तळ लागला की तासन् तास वर ओढायचा. तळ लागतो तीन हजार मीटरच्याही खाली. तुमच्या पायाखाली महासागर आहे.

आता तापमापक बघा. वरच्या पाण्याचं तापमान शून्याखाली साधारण दीड अंश. खारं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं, म्हणजे यात नवल काही नाही. पण दोनशे मीटरच्या आसपास पारा शून्य ओलांडतो. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा तापमापक खाली सोडला जातो, आणि पुन्हा तेच. खाली आठशे-नऊशे मीटरपर्यंत शून्याहून गरम पाण्याचा जाड थर आहे.

हे पाणी अटलांटिकचं. स्वालबार्ड बेटांजवळून ते उत्तरेत शिरतं, आणि खारं म्हणून जड असल्यामुळे खाली दबून राहतं. वरचं पाणी सैबेरियातल्या मोठमोठ्या नद्यांमुळे कमी खारं आणि म्हणून हलकं. दुधावर साय धरावी तसं ते गरम पाण्यावर तरंगतं आणि खालची ऊब बर्फाला लागू देत नाही. बर्फाला पुरून उरेल एवढी उष्णता इथे कायम साठलेली असते. मध्ये पाण्याचा हा एक थर आहे, म्हणून बर्फ टिकून आहे.

जुलै उजाडतो. सूर्य आता मावळतच नाही. बर्फावर गोड्या पाण्याची डबकी साचली आहेत आणि नान्सेन त्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसलाय. तो उठला की तुम्ही डोळा लावा. तपकिरी घाण वाटली होती, ती काचेच्या नाजूक कवचांत राहणारी एकपेशीय शैवालं आहेत. काही हलतात, काही साखळीने एकमेकांना धरून आहेत. बर्फाच्या वरच्या अंगाला हे जग आहे. खालच्या अंधारात मात्र, नान्सेनच्या मते, फारसं काही नसावं. एवढ्या जाड बर्फातून उजेड खाली पोचत नाही, आणि उजेड नाही तिथे वनस्पती वाढणार कशा? तर्क बिनतोड आहे. तो खोटा ठरायला बराच काळ जावा लागेल.

नान्सेन १४ मार्च १८९५ला यालमार योहान्सेनला घेऊन स्कीवरून ध्रुवाकडे निघतो, ८६ अंशांच्या पुढे जाऊन परततो. जहाज त्यांच्यावाचून वाहत राहतं आणि १३ ऑगस्ट १८९६ला स्वालबार्डच्या उत्तरेला बर्फातून मोकळं होतं. जवळजवळ तीन वर्षांच्या वाटचालीत तेराच्या तेरा माणसं जिवंत राहिली. वह्याही सुखरूप परतल्या.

जून १९३७

ध्रुवापासून जवळच, बर्फाच्या एका लादीवर, चार माणसं आणि एक कुत्रा एवढ्याच वस्तीत तुम्ही उतरलात. सोव्हिएत संघाच्या विमानाने २१ मे रोजी त्यांना इथे उतरवलं. इव्हान पापानिन प्रमुख, अर्न्स्ट क्रेंकेल बिनतारी संदेशवाला, येवगेनी फ्योदोरोव भूभौतिकीचा. चौथा प्योत्र शिर्शोव, सागरी जीवशास्त्रज्ञ. तुम्ही त्याच्याकडे जा.

शिर्शोव हाताने फिरवायच्या विंचवर वाकलाय. जाळं वर यायला तासन् तास लागतात. दुसरी मूठ धरायला कुणी असेल तर त्याला हवंच आहे. धरा. फिरवत राहा. इथली खोली त्यांनी ४२९० मीटर मोजली आहे, तेव्हा दंड भरून येणारच. शेवटी रेशमी जाळं पाण्याबाहेर येतं, शिर्शोव त्याच्या टोकाची बाटली वर धरतो आणि पाण्यात काहीतरी उसळ्या मारतं. तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड नावाचे जीव, पारदर्शक, लालसर मिशांचे. वेगवेगळ्या खोलीतून जाळं ओढलं तरी बाटली रिकामी येत नाही. उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पतीही दिसतात.

ध्रुवाखालचा समुद्र ओसाड आहे, ही समजूत या बाटलीत मोडते. प्राणी आहेत म्हणजे त्यांचं खाद्य असणार, आणि खाद्य आहे म्हणजे कुठूनतरी, कसातरी, उजेड खाली येत असणार. किती आणि कधी, हे सांगणारं यंत्र शिर्शोवकडे नाही. तीन मीटर जाडीची त्यांची लादी ग्रीनलंडच्या दिशेने वाहत जाते, फुटत फुटत लहान होते आणि १९ फेब्रुवारी १९३८ला दोन जहाजं येऊन चौघांना उचलतात. एकूण २७४ दिवस ते बर्फावर होते.

ऑगस्ट २०१२

या थांब्यावर फार रेंगाळायचं नाही, फक्त एक पडदा बघायचा आहे. ‘पोलारश्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरच्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही बसला आहात. समुद्रतळाजवळ सोडलेल्या कॅमेऱ्यातून चित्र येतंय, सुमारे चार किलोमीटर खालून. करड्या चिखलावर गडद हिरवे गोळे पडलेत. त्यांच्याभोवती सागरी काकडी नावाचे प्राणी जमले आहेत आणि चरताहेत.

ते गोळे म्हणजे ‘मेलोसिरा आर्क्टिका’ नावाचं शैवाल. बर्फाच्या खालच्या बाजूला त्याच्या लांब जटा लोंबतात. बर्फ वितळला की जटा सुटतात आणि थेट तळ गाठतात. नान्सेनने मोजलेल्या त्या खोलीपर्यंत पृष्ठभागावरचा उजेड अन्न होऊन पोचला आहे. पण यंदा असे गोळे जागोजाग का दिसताहेत? कारण यंदा बर्फ भलताच वितळलाय. १९७९पासून उपग्रह वर्षभर मोजणी करतात. १९८०च्या दशकात सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२च्या सप्टेंबरमध्ये तो ३४ लाखांवर येतो. तळाच्या प्राण्यांना एका वर्षी मेजवानी मिळाली. मेजवानी देणारं छप्पर मात्र पातळ होत चाललंय.

मार्च २०२०

पुन्हा ‘पोलारश्टर्न’, पण आता ते नान्सेनच्या जहाजासारखंच बर्फात अडकवून ठेवलेलं आहे. मोहिमेचं नाव मोझाइक. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने आखलेली, मार्कुस रेक्स यांच्या नेतृत्वाखालची, वीस देशांच्या सहभागाची. ४ ऑक्टोबर २०१९ला जहाजाने एका लादीला स्वतःला जखडून घेतलं आणि तेव्हापासून ते फ्रामच्याच प्रवाहावर वाहतंय. पुढच्या तुकडीला आणणारी विमानं महासाथीमुळे रद्द झाल्याची बातमी नुकतीच आली आहे. घरी कधी जायचं ते कुणी सांगू शकत नाही. काम थांबत नाही.

दारातून बाहेर पडताच श्वासाचे कण पापण्यांवर गोठतात. क्षितिजावर तांबूस कड आहे. महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य नुकता परत येऊ लागलाय, पण वर चढायची त्याची अजून तयारी नाही. बंदूक घेतलेला एक पहारेकरी अस्वलांसाठी चारी दिशा न्याहाळतो. तुम्ही गुडघ्यांवर बसा आणि पोकळ ड्रिलचं हँडल धरा. आधी बर्फ कोरडा कुरकुरतो, मग हाताला जरा मऊ लागतो आणि एकदम पाणी वर येतं. बाहेर आलेला बर्फाचा दंडगोल मांडीवर आडवा घ्या.

वरचं टोक दुधी, जवळजवळ गोडं. खालची बोटभर जागा ओलसर आणि ठिसूळ. खारं पाणी गोठतं तेव्हा मीठ बर्फात मावत नाही. ते केसासारख्या बारीक नळ्यांत दाट खारवण होऊन राहतं, आणि त्या नळ्यांत शैवालं हिवाळा काढतात. हा तुकडा लगेच करवतीने कापून झाकायचा, जहाजावर नेऊन गाळलेल्या समुद्रपाण्यात, अंधारात, हळूहळू वितळवायचा. घाई केली किंवा गोडं पाणी वापरलं तर पेशी फुटतात.

बर्फाखाली टांगलेला प्रकाशमापक काय म्हणतो? त्याचा आकडा वाचून तुम्ही पुन्हा वाचता. दीड-दोन मीटर बर्फ आणि त्यावरचा हिम यांतून गाळून, खाली येतो तो उन्हाळी दिवसाच्या उजेडाचा सुमारे एक लाखावा भाग. माणसाच्या डोळ्याला तिथे काळोखच दिसेल. आणि याच दिवसांत, मार्चच्या अखेरीस, बर्फाखालच्या पाण्यातली शैवालं वाढायला लागल्याचं नमुने सांगतात. प्रकाशसंश्लेषणाला किमान किती उजेड लागतो याचा जो हिशेब सिद्धान्तात मांडला होता, त्याच्या अगदी तळाशी ही वाढ होतेय. जगात कुठेही निसर्गात इतक्या कमी उजेडावर ती मोजली गेली नव्हती. संशोधकांनी हा निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध केला.

नान्सेनच्या तर्कातलं एक वाक्य इथे गळून पडतं. उजेड पोचतो. तो इतका थोडा असतो, की हिवाळाभर बर्फाखाली यंत्र टांगून ठेवल्याशिवाय सापडत नाही.

आता यातली जोखीम समजून घ्या. शैवालांची वाढ उजेड ठरवतो, उजेड बर्फाची आणि हिमाची जाडी ठरवते, आणि प्राणी आपला संसार या वेळापत्रकावर मांडतात. ‘कॅलॅनस ग्लेशियालिस’ हा कोपेपॉड घ्या. स्वालबार्डच्या रिपफ्योर्ड या खाडीत २००७ साली संशोधकांनी त्याचा वर्षभर पिच्छा पुरवला. एप्रिलच्या अखेरीस बर्फाला चिकटलेली शैवालं फोफावतात, ती खाऊन माद्या अंडी घालतात. पिल्लं खाण्याजोगी होतात तोवर बर्फ फुटतो आणि मोकळ्या पाण्यातली शैवालं फोफावतात. दोन जेवणांत सुमारे दोन महिन्यांचं अंतर, आणि पिल्लांची वाढ त्या अंतरात नेमकी बसते. बर्फ लवकर गेला तर दुसरं जेवण लवकर वाढलं जातं, पिल्लं तयार नसतात. या कोपेपॉडच्या अंगात चरबी साठते, ती ध्रुवीय कॉड खातो, कॉडला सील, सीलला अस्वल. पोस्टरवर अस्वलाचा फोटो छापतात. त्याचं अन्न या दोन महिन्यांच्या अंतरात शिजतं.

मोझाइकची माणसं परतली तेव्हा रेक्स यांनी जमाखर्च सांगितला. नान्सेनच्या काळाच्या मानाने बर्फ निम्माच जाड उरलाय आणि हिवाळा जवळजवळ दहा अंशांनी उबदार झालाय. हे वाक्य उच्चारता आलं, कारण कुणीतरी १८९३च्या अंधारात दर चार तासांनी कपडे चढवून बाहेर जात होतं. त्यातली एक पाळी तुमची होती.

डिसेंबर २०२३

शेवटचा थांबा स्वालबार्डवरचं न्यू-ओलेसुंड, ७९ अंश उत्तर. दुपारचे बारा वाजलेत आणि आकाशात तारे आहेत. एका घरावर ‘हिमाद्री’ अशी पाटी. भारताचं हे आर्क्टिक केंद्र २००८पासून इथे आहे, पण आपली माणसं यायची ती उन्हाळ्यात. या डिसेंबरात पहिल्यांदा भारतीय तुकडी हिवाळ्यात काम करायला आली आहे. मोहीम गोव्याच्या वास्कोमधल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची. तुकडीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचंही माणूस आहे.

समोरचा काळा पाण्याचा पट्टा कोंग्सफ्योर्ड. याला गोठलेलं बघायची सवय असलेल्या लोकांना २००६पासून तो हिवाळ्यातही बराचसा उघडाच दिसतो. जुलै २०१४मध्ये गोव्याच्या या केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेबरोबर याच फ्योर्डात सुमारे १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही वेधशाळा उभी केली. तळाला नांगर, वर तरंगते गोळे आणि मधल्या दोरावर ठरावीक खोलीला यंत्रं. तापमान, खारेपणा, प्रवाह यांची नोंद हिवाळ्यातही चालू. हे यंत्र ज्या पाण्याच्या वाटेवर बसलंय, ते नान्सेनच्या तापमापकाला दोनशे मीटरखाली सापडलेलं तेच अटलांटिकचं गरम पाणी. अलीकडच्या वर्षांत ते उत्तरेला जास्त जोमाने शिरतंय. सैबेरियाच्या बाजूच्या खोल समुद्रात तर मधला हलक्या पाण्याचा थर विरळ होऊन खालची ऊब बर्फापर्यंत पोचू लागली आहे. बर्फावर आता वरून आणि खालून, दोन्हीकडून मारा आहे.

किनाऱ्यावर उभे राहिलात तर टॉर्च विझवा. या काळोखात पाण्यातलं प्लवक चंद्राच्या उजेडावर वर-खाली करतं. आर्क्टिकभर टांगलेल्या ध्वनियंत्रांच्या नोंदींतून हे २०१६मध्ये उघड झालं. आणि जहाजाचे साधे दिवेसुद्धा उत्तरेच्या समुद्रांत दोनशे मीटर खोलीपर्यंतच्या मासळीला आणि प्लवकाला विचलित करतात, हे २०२०मध्ये. म्हणजे दिवे लावून केलेल्या आजवरच्या मोजण्याही तपासून घ्यायला हव्यात. हिवाळ्यात इथे राहिल्याशिवाय हे प्रश्न सुचतही नाहीत.

म्हणून अशा मोहिमा खंड न पडता चालायला हव्यात. एका हंगामाचा निधी आटला, एक यंत्र वर्षभर बंद राहिलं, तर ती जागा नंतर कुणालाही भरता येत नाही. उन्हाळ्याची वर्णनं आपल्याकडे भरपूर आहेत. शैवालं जागी होतात तो मार्च आणि प्लवक चंद्र बघतं तो डिसेंबर, यांच्या नोंदी मात्र अजून तुटपुंज्या आहेत. वास्कोतून या कामासाठी निघणारी प्रत्येक तुकडी ही उणीव भरते आहे, आणि तिला आपला ठाम पाठिंबा हवा.

आता परत या. आजच्या तारखेला, तुमच्या घरी. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान-समितीच्या अंदाजानुसार २०५०च्या आत किमान एखादा सप्टेंबर असा येण्याची दाट शक्यता आहे, की आर्क्टिकवर दहा लाख चौरस किलोमीटरही बर्फ नसेल. पण दर सप्टेंबर तसाच असेल की क्वचित एखादा, हे आपण किती कार्बन सोडतो यावर ठरेल, कारण उन्हाळी बर्फ तापमानाच्या मागोमाग चालतो. तापमान थोपलं तर तोही थोपतो.

डिर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव या शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये उपग्रहांच्या आणि जहाजांच्या जुन्या नोंदींवरून याचा दर काढला. हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरातला सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो. तुमचा विमानप्रवास, गावाची वीज, कारखान्याची भट्टी, सगळं या दराने मोजता येतं. आणि दर दोन्ही बाजूंनी लागू आहे. न सोडलेल्या प्रत्येक टनामागे तीन चौरस मीटर बर्फ राहतो, त्याच्या खारवणाच्या नळ्यांतल्या शैवालांसकट, आणि त्याखालच्या पाण्यात मार्चच्या त्या लाखाव्या हिश्श्याच्या उजेडावर शैवालांचं काम पुन्हा सुरू होतं.